समास

नोव्हेंबरात डंडीला चारलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल खिडकीतून अर्धाच दिसतो,
उरलेला धुक्यात असेल असं मी धरून चालते.
माझं कामच तसलं. दिसतं त्यावरून उरलेलं मोजायचं.

जठर आणि अन्ननलिका.
दोनशे अठरा माणसं, औषधांचे दोन गट,
कुणाच्या वाट्याला कुठलं, हे संगणकानं ठरवलेलं,
म्हणजे नाणेफेकच, फक्त सही-शिक्क्याची.
नावं माझ्यापर्यंत येत नाहीत.
सदुसष्ट येतो. दोनशे दोन येते.
एकशे त्रेचाळीस येतो.

दर तीन महिन्यांनी टपालानं प्रश्नावली.
गेल्या आठवड्यात भूक मंदावली होती का?
अजिबात नाही, थोडी, बरीच, फार.
एकाला गोल करा.
एकशे त्रेचाळीस गोल करतो आणि थांबत नाही,
समासात लिहितो, पेन्सिलीनं, उताराला लागलेल्या अक्षरांत:
'मंगळवारी अर्धा पे खाल्ला. उरलेला कुत्र्याला. कुत्रा खूष.'
(पे म्हणजे कणकेच्या वाटीत भरलेला खिमा,
हे मला कँटीनमधल्या शोनानं सांगितलं.)

गिळताना त्रास होतो का?
'जुन्या नळासारखा आवाज येतो.
चाळीस वर्षं प्लंबिंग केलं, मला ऐकू येतं.'
पुढच्या खेपेला:
'जाळीची नळी बसवली. पोरानं काम बरं केलंय.
मी तांब्याची घातली असती.'
भविष्याची काळजी वाटते का?
'किती भविष्य म्हणता?'

समासाला रकाना नाही.
मी तीन टाइप करते. बरीच.

मिरजेला काकांच्या वेळी
डॉक्टरांनी वडिलांना व्हरांड्यात बोलावून सांगितलं.
घरात सगळ्यांनी ते पोटात ठेवलं.
काकांना म्हणालो, अल्सर आहे.
काका म्हणाले, बरं.
आणि पेज चमच्यानं ढवळत बसले, गार होईपर्यंत.
आता वाटतं, त्यांनीही ते पोटातच ठेवलं होतं,
जिथं ते आमच्या आधीपासून होतं.

इथं समोरासमोर सांगतात. मधला आकडा सांगतात,
निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे.
कुठलं बरं, ते मला विचारू नका.

आमचा आलेख जिन्यासारखा, फक्त उतरणारा.
एक माणूस, एक पायरी.
मध्येच एखादी बारीक उभी रेघ दिसते,
म्हणजे इथवर माहीत आहे, पुढचं नाही.
गाव बदललं, फोन उचलला नाही, कंटाळा आला.
त्याला सेन्सॉर्ड म्हणतात,
जणू कुणी पुढची रिळं कापून ठेवली.

सप्टेंबरात एकशे त्रेचाळीसचा कागद आला.
सगळे गोल व्यवस्थित, शाईचे, एकसारखे.
एकही प्रश्न सुटलेला नाही.
समास कोरा.
दुसऱ्याच कुणाचा हात होता तो. लेकीचा असेल.
इतकी स्वच्छ माहिती मला क्वचित मिळते.
मी बराच वेळ ती नोंदवलीच नाही,
मग नोंदवली.

शुक्रवारी कुलूप उघडलं, गट कळले.
नव्या औषधानं अडीच महिने जास्त.
प्रोफेसर लॉरिमर चष्मा काढून म्हणाल्या, हे थोडं नाही.
कुणीतरी बिस्किटांचा डबा आणला.
थोडं नाहीच. मी जागेवर बसून हिशेब केला:
दहा मंगळवार,
मंगळवारी अर्धा धरला तर पाच पे,
आणि तितकेच कुत्र्याच्या वाट्याचे.

तो कुठल्या गटात होता, ते बघता आलं असतं.
एका क्लिकवर होतं.
मी पूल बघत बसले, म्हणजे त्याचा अर्धा भाग.

कुत्रा आता कुणाकडे असतो,
हे कुठल्याच प्रश्नात नाही.